आपल्या बाजूचं खोटं

आपल्या पिढीतल्या मुसलमान तरुणांना परिस्थितीने एक काम चांगलं शिकवलं आहे. आपल्याबद्दल पसरवलेलं खोटं आपण पटकन ओळखतो. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार मारलं. त्या भागात चोर फिरत असल्याची अफवा आधीपासून होती. पण देशभर सांगितलं गेलं की मारणारे मुसलमान होते. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नाही, हे त्यांनी सांगितलं.

त्याच महिन्यात कोरोनाला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याला नाव विचारलं जाऊ लागलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या मरकजला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या लोकांना त्यासाठी निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असंही न्यायालयाने नोंदवलं. ही बातमी आपल्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. फिरायलाच हवी होती.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या प्रकारच्या खोट्याबद्दल. जे आपल्याविरुद्ध नसतं, आपल्या बाजूचं असतं. जे ऐकून बरं वाटतं किंवा जे आपल्या भीतीला दुजोरा देतं. त्याला आपण पुरावा मागत नाही. माझं म्हणणं असं, की जोवर आपण हे खोटं आपल्याच बैठकीत, आपल्याच माणसांसमोर अडवत नाही, तोवर दुसऱ्यांच्या खोट्याविरुद्धची आपली लढाई अर्धीच राहील. आणि तिचं नुकसान आधी आपल्याच घरात होईल.

गप्पांमधून मत कसं बनतं

आपल्याला वाटतं, आपली राजकीय मतं आपण वाचून, विचार करून बनवतो. प्रत्यक्षात बरीचशी मतं चहाच्या टपरीवर, लग्नाच्या दावतीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, ऑफिसात डबा खाताना आणि फॅमिली ग्रुपवर बनतात. तिथे कुणी भाषण देत नाही. एखादं वाक्य सहज टाकलं जातं. “आता यांचं सगळं ठरलेलंच आहे.” “आपल्या पोरांना नोकऱ्या मिळणारच नाहीत.” कुणी विरोध करत नाही, कारण मुद्दा लग्नाच्या तारखेचा चाललेला असतो. वाक्य मात्र डोक्यात राहतं.

मानसशास्त्रात यावर जुना अभ्यास आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधानं ऐकवली आणि ती खरी वाटतात का, हे विचारलं. काही विधानं प्रत्येक वेळी पुन्हा येत होती. पुन्हा आलेली विधानं दर वेळी अधिक खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत की खोटी. म्हणजे एखादी गोष्ट चार जणांकडून ऐकली की ती ओळखीची वाटते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटते. पुराव्याची वेळच येत नाही.

दुसरा अभ्यास १९६९ चा, फ्रान्समधला. सर्ज मॉस्कोव्हिसी आणि मारिसा झावालोनी यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि अमेरिकी लोक या विषयांवर चर्चा करायला सांगितलं. आधीच द गॉल यांच्या बाजूचं असलेलं मत चर्चेनंतर आणखी बाजूचं झालं. अमेरिकी लोकांबद्दलची नाराजी आणखी वाढली. सारख्या मताची माणसं एकत्र बसली की चर्चेने मत मधल्या जागी येत नाही, ते आधीच्याच दिशेला आणखी सरकतं. आपले मोहल्ले, शाळा, सोसायट्या आणि ग्रुप जसजसे एकाच समाजाचे होत चालले आहेत, तसतशी प्रत्येक बैठक अशीच बनत चालली आहे. त्यांचीही आणि आपलीही.

याचं टोक महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवरचे लोक मुलाला परत आणून सोडतात. तो भाग कापलेला होता. पण नुसत्या व्हिडिओने माणूस मरत नाही. तो व्हिडिओ बघून घराघरांत, ओट्याओट्यावर जी बोलणी झाली, “सांभाळा बरं, आपल्याकडेही आलेत म्हणे,” त्या बोलण्यांनी अनोळखी माणूस आधीच गुन्हेगार ठरवून ठेवला होता. मारले गेलेले ना मुसलमान होते, ना मारणाऱ्यांचे कुणी शत्रू. अफवेला फक्त एक परका माणूस लागतो.

यंत्राला काय जमतं, काय जमत नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. म्हणून मित्र मला विचारतात, “तुम्ही लोक यावर काही काढत का नाही?” काढलेलं आहे. २०१८ च्या त्या हत्यांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. हे काम उपयोगाचं आहे.

पण त्याची हद्द समजून घ्या. मेसेज कुलूपबंद जातो. पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतं. मधे कंपनीलाही मजकूर दिसत नाही. ही सोय आपल्याला हवीच आहे, सरकारने किंवा कंपनीने आपलं खासगी बोलणं वाचू नये म्हणून. पण मधे कुणी वाचत नसेल, तर मजकूर खरा की खोटा हे मधे कुणी तपासूही शकत नाही. वेग कमी करता येतो, विश्वास कमी करता येत नाही. चुलत्याने पाठवलेल्या मेसेजवर मी विश्वास ठेवतो तो चुलत्यावर. त्यावर यंत्राचा काही इलाज नाही. इलाज करायचा तर तो त्या चुलत्याशी बोलूनच करावा लागेल.

आपल्या घरातल्या अफवा

आता आपल्याकडे बघू. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. ती खोटी आहे. ती इतकी पसरली होती, की मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांमधल्या आपल्या दूतावासांना त्याचा खुलासा पाठवावा लागला. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. त्या आधी ही गोष्ट बोलण्यातून, कॅसेटमधून, पुस्तिकांमधून जगभर गेली. २०१६ मध्ये तशीच दुसरी आली: युनेस्कोने इस्लामला जगातला सर्वांत शांतताप्रिय धर्म म्हणून जाहीर केलं. युनेस्कोने असं काहीही जाहीर केलेलं नाही, असा खुलासा त्या संस्थेनेच केला. खुलासा कुठे गेला कुणास ठाऊक, मेसेज अजून येतो.

कुणी म्हणेल, यात कुणाचं काय बिघडलं? बिघडतं ते असं. जो धर्म शेकडो वर्षं कोट्यवधी लोकांना आधार देत आला, त्याला चंद्रावरच्या साक्षीदाराची आणि खोट्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बरं वाटतं म्हणून प्रश्न न विचारण्याची सवय इथे लागते. मग तीच सवय भीतीच्या मेसेजला लागू होते.

पोलिओचं उदाहरण घ्या. दोन थेंबांनी मुलं पुढे नपुंसक होतात, आपली लोकसंख्या कमी करण्याचा हा डाव आहे, ही अफवा उत्तर प्रदेशातल्या अनेक मुस्लिम वस्त्यांमध्ये घट्ट बसली होती. २००२ मध्ये देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले. त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले होते. नसबंदीच्या जुन्या आठवणी, सरकारी दवाखान्यांची दुरवस्था, फक्त पोलिओसाठीच दारात येणारं सरकार, या सगळ्यामुळे संशयाला जागा होती. संशय समजण्यासारखा होता, तरी मेसेज खोटा होता. पायातली ताकद गेलेल्या मुलांना त्या समजण्यासारखेपणाचा काही उपयोग झाला नाही.

कोरोनाच्या लसीच्या वेळी महाराष्ट्रात तेच दिसलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं, की मुस्लिमबहुल भागांत लस घ्यायला लोक कचरत आहेत आणि त्यांची समजूत घालण्यासाठी सलमान खान यांची मदत घेऊ. वर्षभराने, २०२२ च्या अखेरीस, गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. त्याला अफवा हे एकमेव कारण नव्हतं. कोरोनाकाळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, दाट वस्ती, कुपोषण आणि अपुरी आरोग्यसेवा हीही कारणं होती. सरकारला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण ज्या घरात “सुई नको, काहीतरी होईल” हे वाक्य कुणीही न अडवता फिरत राहिलं, त्या घराचा जाब कुणाला विचारायचा?

उलटं फिरवता येतं

पोलिओची गोष्ट मी निराश करायला सांगितली नाही. ती उलटी फिरली म्हणून सांगितली. नुसत्या जाहिरातींनी घरं उघडली नाहीत. युनिसेफच्या मदतीने वस्त्यावस्त्यांत तिथल्याच बायकांना तयार केलं गेलं. त्या घरोघर जाऊन बसल्या, आयांचं ऐकून घेतलं, पुन्हा गेल्या. मशिदींमधून इमामांनी डोस पाजण्याचं आवाहन केलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांनी पाठबळ दिलं. देशातला शेवटचा नैसर्गिक विषाणूचा पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. जी अफवा शेजारणींच्या बोलण्यातून आत शिरली होती, ती शेजारणींच्या बोलण्यातूनच बाहेर गेली.

तराजू सारखा नाही, हे मान्य

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो हलका नाही. “त्यांच्या खोट्याने आपली दुकानं जळतात, पोरं तुरुंगात जातात. आपल्या खोट्याने फार तर आपण मूर्ख बनतो. मग आपल्यालाच का शिकवता?”

तराजू सारखा नाही, हे मला मान्य आहे. ज्यांच्या हातात सत्ता, वाहिन्या आणि संख्या आहे, त्यांच्या खोट्याचं वजन जास्त आहे आणि त्यांची जबाबदारीही. पण आपल्या खोट्याने “फार तर मूर्ख बनतो” हे खरं नाही. पोलिओ आणि गोवर हे त्याचं उत्तर आहे. दुसरं असं, की सत्य हे ज्यांच्याकडे ताकद कमी असते त्यांचंच हत्यार आहे. आपण न्यायालयात, वर्तमानपत्रात, रस्त्यावर जे सांगतो, त्यावर विश्वास बसला तरच आपलं काही चालतं. दुसऱ्या देशातल्या जुन्या दंगलीचा व्हिडिओ आपल्याकडचा म्हणून एकदा पाठवला आणि तो उघडा पडला, की उद्या आपल्या वस्तीत खरंच घडलेल्या अन्यायाचा व्हिडिओही लोक त्याच नजरेने बघतात. खोटा पुरावा सगळ्यात आधी खऱ्या फिर्यादीचा घात करतो.

डब्याच्या टेबलावर

ऑफिसात राजकारण निघालं की आपल्यापैकी बरेच जण मान खाली घालून जेवतात. त्याची कारणं मला ठाऊक आहेत. नोकरी आहे, टीम आहे, प्रत्येक वेळी सगळ्या समाजाचा वकील बनून उभं राहायचा कंटाळा आहे. तो कंटाळा रास्त आहे. रोज उत्तर देणं हे कुणाचंही कर्तव्य नाही. पण कधीच न बोलण्याचीही किंमत आहे. त्या टेबलावर मग आपल्याबद्दलचं एकच म्हणणं उरतं आणि ते आपलं नसतं.

बोलायचं ठरवलं, तर लोकसंख्येचाच विषय घ्या, कारण तोच सगळ्यात जास्त निघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, हिंदू स्त्रीमागे ३.३. २०१९-२१ मध्ये हे आकडे २.३६ आणि १.९४ झाले. म्हणजे अंतर १.१ वरून साधारण ०.४ वर आलं. हे सांगताना “आमच्यात जास्त मुलं होतच नाहीत” असं म्हणू नका. अजून थोडी जास्त होतात. ते आधी मान्य करा, मग सांगा की अंतर वेगाने कमी होतंय आणि त्याचा संबंध मुलींच्या शिक्षणाशी, गरिबीशी, दवाखान्याशी आहे. समोरच्याच्या म्हणण्यातला खरा भाग जो मान्य करतो, त्याचं पुढचं वाक्य ऐकलं जातं. आणि आकडा सांगितला की काम संपलं, असंही समजू नका. समोरच्याच्या मनात आकडा नसतोच, धास्ती असते. ती एका डब्यात जात नाही. दहा डब्यांत कमी होते.

घरात कसं बोलायचं

खरी परीक्षा घरात आहे, कारण तिथे समोर मोठी माणसं असतात. मला उपयोगी पडलेल्या काही साध्या गोष्टी सांगतो.

ग्रुपवर सगळ्यांसमोर “हे खोटं आहे” असं लिहून लिंक चिकटवू नका. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस मेसेजची नाही, स्वतःच्या इज्जतीची बाजू घेतो. वेगळा फोन करा. “चाचा, तुम्ही पाठवलेलं वाचलं. हे तुम्हाला कुणी पाठवलं? कुठल्या गावचं आहे, कधीचं आहे?” एवढंच विचारा. बहुतेक मेसेज गाव, तारीख आणि नाव या तीन प्रश्नांतच अडखळतात.

मग त्यांची काळजी ऐका. लसीच्या मेसेजमागे बहुधा नातवाची काळजी असते. ती खरी असते. तिला उत्तर द्या, मेसेजला नंतर द्या. शक्य असेल तर ओळखीच्या डॉक्टरशी, आशाताईशी त्यांचं बोलणं करून द्या. ज्या माणसावर त्यांचा भरवसा आहे, त्याच्या तोंडून आलेलं उत्तर टिकतं.

आणि जे माहीत नाही, त्याला “माहीत नाही” म्हणा. आपल्या बैठकांमध्ये हे वाक्य फार कमी ऐकू येतं. दंगलीची बातमी आली, कुणाला अटक झाली, तर पहिल्या तासाभरात आपला माणूस निर्दोष किंवा त्यांचा माणूस दोषी, असं ठरवून टाकू नका. थांबल्याने न्याय उशिरा मिळत नाही. थांबल्याने फक्त फॉरवर्ड उशिरा जातो.

यातलं काहीही आपल्याला बाहेरून आणावं लागत नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी पडताळून पाहा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. हदीसच्या अभ्यासकांनी शतकानुशतकं एकच प्रश्न विचारला: हे तुला कुणी सांगितलं आणि त्याला कुणी? त्या साखळीला ते सनद म्हणत. सनद तुटकी असेल, तर मजकूर कितीही गोड असला तरी त्यावर शंका घेत. दुसऱ्या बाजूला, याच महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि १९७० मध्ये हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ. दोघांनीही सत्य शोधायला सुरुवात केली ती आपल्याच समाजाला अवघड प्रश्न विचारून. दलवाईंच्या सगळ्या मतांशी सहमत असायची गरज नाही. पण आपल्या माणसांसमोर उभं राहून प्रश्न विचारायला जी हिंमत लागते, ती परक्यावर टीका करायला लागत नाही, हे त्यांच्याकडून शिकता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा मेसेज वाचून छाती फुगली किंवा पोटात गोळा आला, तर तिथेच थांबा. आपल्याला राग येईल अशा मेसेजला आपण जेवढा पुरावा मागतो, तेवढाच त्यालाही मागा. न मिळाल्यास पुढे पाठवू नका आणि ज्याने पाठवला त्याला प्रेमाने फोन करा.